चतुराबाईनं सांगितलेलं औषध

अर्धी पात वेचून झाली आणि द्वारकानं कमरेची झोळी सोडून कापसासकट मातीत आपटली.

"मी मेल्यावर सांगणार हायेत का, जाऊबाई?"

चतुराबाईचा हात थांबला नाही. तिनं पुढच्या बोंडात तीन बोटं घातली, कापूस अलगद ओढून घेतला आणि झोळीत टाकला. पौष लागला होता. काळ्या जमिनीला भेगा पडल्या होत्या. पऱ्हाटीची पानं इतकी वाळली होती की ऊन चढल्यावर हात लागला तर त्यांचा चुरा होऊन कापसाला चिकटे. म्हणून दोघी जावा दव असेपर्यंतच वेचायला येत. दव उडायला अजून घटकाभर वेळ होता आणि द्वारका भांडत होती.

"काय सांगू?"

"तेच. काय खाल्लं, काय लावलं."

"कायबी खाल्लं न्हाई, कायबी लावलं न्हाई. धा डाव सांगितलं तुला."

"धा डाव तेच सांगितलं, म्हणून तर इचारून राह्यले." द्वारकानं पदर तोंडाला लावला आणि परत काढला. "तुमच्या तापात कोण बसलं व्हतं उशाशी? अकरा दिस. तोंडात पाणी मी घातलं, पेज मी घातली. तुमची घाण मी काढली. आज मह्यावर आली तर तुम्ही मला जालन्याची वाट दावता."

"डाक्टरीणबाई चांगली हाये."

"चांगली हाये तर तुम्ही कामून पळून आल्त्या? ती कापते म्हणली, तुम्ही आल्या, आन् बऱ्या झाल्या. धडधाकट वेचून राह्यल्या मह्या पुढं. मंग मला कापायला कामून धाडता?"

द्वारका म्हणत होती त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. तिनं खाली वाकून द्वारकाचा सांडलेला कापूस भरला, माती झटकली आणि झोळी परत तिच्या कमरेला बांधली. द्वारकानं बांधू दिली. मग दोघींनी आपापल्या ओळीची पात पुरी केली.

द्वारका म्हणजे चतुराबाईच्या धाकट्या दिराची, कचरूची बायको. वय तिशीचं. यंदाच्या दिवाळीत तिच्या उजव्या छातीत काखेच्या अंगाला गाठ आली होती. चतुराबाईनं ती स्वतः चाचपून पाहिली होती. कडक, न दुखणारी, बोटांखाली न सरकणारी, चिंचोक्याएवढी. बोटं लावताच तिला कळलं होतं, कारण तिची स्वतःची सुरुवातीला अगदी तशीच होती.

चतुराबाईचं आदल्या वर्षी झालं ते असं.

पोलीस ॲक्शनला पाच वर्षं झाली त्या साली, श्रावणात, अंघोळ करताना तिला डावीकडे ती गाठ लागली. तिनं कुणाला सांगितलं नाही, पण माप घेऊन ठेवलं. तिला मापाची सवयच होती. रांजणात किती कळश्या बसतात, पायलीच्या पिठाच्या भाकरी किती होतात, हे ती बोलता बोलता सांगे. तिनं चातीवरचा पांढरा दोरा घेतला, गाठीच्या बुडाशी गोल फिरवला, आणि टोक जिथं येऊन भिडलं तिथं काजळाचा ठिपका दिला. दर अमावास्येला एक ठिपका. दसऱ्यापर्यंत तीन ठिपके झाले, प्रत्येक मागच्याच्या बोटभर पुढे.

मग तिच्या नवऱ्याला, रखमाजीला, कळलं. त्यानं धामणखेडहून वाटूरपर्यंत गाडी हाकली, तिथून मोटारीनं तिला जालन्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी गाठीचा तुकडा काढला, तो तपासायला हैदराबादला पाठवला, टाके घातले आणि सांगितलं की इथंच राहा, सगळी छाती काढावी लागेल. चतुराबाई तिसऱ्या दिवशी घरी आली. वेचणीचे दिवस जवळ आलेत असं तिनं कारण दिलं. खरं कारण तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. आपण मरणार हे डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावर दिसलं तेव्हा तिला भीती वाटली नाही, रडूही आलं नाही. एकाच मांडीवर फार वेळ बसल्यावर पाय आपला वाटेनासा होतो, तसं तिला आतून झालं. पाय मग शुद्धीवर येतो. आतलं मात्र आलं नाही.

दिवाळीला पत्र आलं. शाळेच्या मास्तरांनी वाचून दाखवलं: कॅन्सर आहे, ताबडतोब या. रखमाजीनं गाडी जुंपली, पण तोवर टाक्यांच्या जागी धावरं उठलं होतं. छातीपासून गळ्यापर्यंत कातडी लाल, तापलेल्या तव्यासारखी. अकरा दिवस ती शुद्धीवर नव्हती. गाडी उभीच राहिली. बाराव्या दिवशी ताप उतरला. ती उठून बसली आणि अमावास्या होऊन गेली होती म्हणून आधी दोरा काढला.

दोरा गाठीभोवती फिरून शेवटच्या ठिपक्याच्या अलीकडेच भिडला. आपलंच चुकलं असं वाटून तिनं तीनदा घेतला. पौषात गाठ लिंबाएवढीची सुपारीएवढी झाली. होळीला तिला ती शोधावी लागली. आखाजीला, वैशाखात, तिथं टाक्यांचा वण होता, बाकी काही नव्हतं.

ती रखमाजीबरोबर परत जालन्याला गेली. डॉक्टरीणबाईंनी पुष्कळ वेळ चाचपलं, काखेतही पाहिलं. मग दोरा टेबलावर ताणून धरला, पट्टी लावली आणि एकेका ठिपक्याचं माप कागदावर उतरवलं.

"मध्ये काही औषध घेतलं?"

"न्हाई."

"ताप आला होता?"

"धावरं झालं व्हतं. अकरा दिस."

हेही त्यांनी लिहिलं. "तापामुळे झालं असेल का, हे मला सांगता येणार नाही. पुस्तकात अशा दोन-चार बायका वाचल्या होत्या, डोळ्यांनी तुम्हालाच पाहते आहे. का झालं, मला माहीत नाही. परत येऊ शकतं, म्हणून तीन महिन्यांनी दाखवत जा. आणि एक ऐका. तुमचं असं झालं म्हणून दुसरीचं होणार नाही. कुणाला गाठ आली तर तिला घरी ठेवू नका, इथं पाठवा."

माहीत नाही, असं शिकलेल्या माणसानं तोंडावर सांगितलेलं चतुराबाईला आवडलं. पण गावाला ते पटण्यातलं नव्हतं.

गावाला काय पटलं होतं ते दुर्गाबाईमुळे. ही म्हातारी दर ऐतवारी सकाळी काविळीवरची मुळी देई. पाच कोसांवरून लोक येत. मुळी कुठली, हे तिनं पोटच्या पोरालाही सांगितलं नव्हतं. औषधाचं नाव तोंडातून निघालं की औषधातला गुण गेला, आणि ज्याचा रोग त्या औषधानं गेला त्याच्याकडे तो उलटून आला, हा नियम होता. तो धामणखेडात लहान मुलालाही ठाऊक होता. त्यामुळे चतुराबाई जेव्हा म्हणे की मी काही घेतलं नाही, तेव्हा बायका एकमेकींकडे बघून मान हलवत. बरोबर आहे, सांगायचंच नसतं. ती जितकं नाही म्हणे तितका त्यांचा विश्वास घट्ट होई.

रखमाजीनंही एकदाच विचारलं होतं, जेवताना. ती तोंड उघडणार तोच त्यानं हात वर केला. "राहू दे. मला नको सांगू. बोलली आन् उलटलं तर काय करू मी?" त्यानं ताटातली भाकरी मोडून अर्धी तिच्या ताटात ठेवली. त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही.

कधीकधी तिची तिलाच शंका येई. तापात काही पोटात गेलं असेल का? ती मनाशी यादी करी. पाणी, ज्वारीची पेज, एकदा ताक. हे तर सगळं गाव पितं. यादी तिथंच संपे.

भांडणाच्या दुसऱ्या दिवशी ती तोच दोरा घेऊन द्वारकाकडे गेली. दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत होती. तिनं दार लावून द्वारकाची गाठ मापली. महिन्यापूर्वी तिनं लाल ठिपका देऊन ठेवला होता. टोक त्याच्या दीड बोट पुढे गेलं.

"बघ. वाढून राह्यली. मही बी अशीच वाढत व्हती."

"मंग जल्दी द्या की."

"द्वारका, देवाशपथ सांगते, मह्यापाशी काई न्हाई. ताप आल्ता, त्याच्या मागून उतरली. डाक्टरीणबाईला बी ठावूक न्हाई कामून उतरली."

"ताप." द्वारका तिच्याकडे बघत राहिली. "मंग मला बी ताप आणून द्या. टाक्याच्या जागी काय भरलं व्हतं तुम्ही? माती का शेण?"

चतुराबाईनं दोरा गुंडाळला. खरं सांगितलं तर ही पोरगी छातीला चीर पाडून त्यात शेण भरील, हे तिला त्या क्षणी स्वच्छ दिसलं. ती उठून घरी आली आणि पिठाला पाणी घातलं.

संध्याकाळी कचरू आला, उंबऱ्याबाहेरच बसला. हा गडी सहसा बोलत नसे.

"वयनी, नाव नका सांगू. निस्तं वाटून तिच्या हातावर ठेवा. आम्ही इचारणार न्हाई."

"भावजी, तुम्ही तिला जालन्याला न्या. मी संगं येते."

"ती येत न्हाई. म्हणते, घरात इलाज हाये आन् मी कापून कामून घेऊ." तो काडीनं मातीत रेघा ओढत होता. "आन् वयनी, मला बी वाटतं, ती बराबर बोलून राह्यली."

ऐतवारी सकाळी दुर्गाबाईचा निरोप आला. चतुराबाई गेली तेव्हा अंगणात तीसेक माणसं होती. पिवळ्या डोळ्यांची पोरं कडेवर घेऊन बाया बसल्या होत्या, वाटूरकडचे दोघेजण गाडीशी उभे होते. रखमाजी बैलं पाण्यावर नेता नेता तिथं थांबला होता. द्वारका दुर्गाबाईच्या पायाशी बसलेली. तिचे डोळे सुजले होते.

"ये गं," दुर्गाबाई म्हणाली. "ही पोरगी सकाळधरनं रडून राह्यली. तू तिला दे. कानात नको सांगू, हातात दे. मी देवापुढं सुपारी ठेवते, तुह्या औषधाला धक्का लागणार न्हाई."

"मह्यापाशी असतं तर दिलं नसतं का, मावशे?"

"असं सगळेच म्हणतात. मी बी म्हणते." अंगणात कुणीतरी हसलं.

चतुराबाईनं द्वारकाकडे पाहिलं. पदराखाली उजव्या बाजूला, जिथं गाठ होती, तिथं द्वारकाचा हात आपोआप दाबलेला होता. तीन आठवडे, फार तर चार. मग काखेत उतरेल. मग डॉक्टरीणबाईसुद्धा नाही म्हणतील. हा हिशेब तिच्या डोक्यात कापसाच्या वेचणीसारखा सरळ चालला, त्यात रडू कुठंच आलं नाही. नाही म्हणून उपयोग नाही, हे तिला कळलं. हो म्हणून द्वारकाच्या हातावर पाला ठेवला तर पोरगी मेली. राहिला एकच रस्ता, आणि तो दुर्गाबाईच्याच नियमातून जात होता.

ती अंगणाच्या मधोमध आली आणि भाजीवाली ओरडते तितक्या आवाजात बोलली.

"ऐका सगळे. मी कंबरमोडीचा पाला घेतला. ऐतवारी, सूर्य उगवायच्या आत, बांधावरचा तोडायचा. दगडावर वाटून गाठीला लावायचा आन् बोटभर रस गिळायचा. एकवीस दिस. हेच औषध, दुसरं काई न्हाई."

कंबरमोडी प्रत्येक बांधावर होती. विळा लागला की बायका तिचा पाला चुरून बोटाला बांधत.

"इतकं सोपं?" वाटूरकडचा माणूस म्हणाला.

दुर्गाबाईनं चतुराबाईकडे पाहिलं. चाळीस वर्षं तिनं पाला-मुळी हाताळली होती. कंबरमोडीनं काय होतं आणि काय होत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिच्या ओठांच्या कडा किंचित हलल्या, पण आवाज बदलला नाही.

"सोपंच असतं, बाबा. म्हणून तर झाकून ठेवावं लागतं." मग ती द्वारकाकडे वळली. "ऊठ. संपलं. भर अंगणात नाव घेतलं तिनं. आता त्या पाल्यात बिलकुल काई उरलं न्हाई. तू जालन्याला जा."

द्वारका उठली. तिच्या तोंडावरचं रडं गेलं होतं.

"मुद्दाम केलं तुम्ही," ती चतुराबाईला म्हणाली. "मला मिळू नये म्हणून. मह्यासाठी असलेलं औषध मह्या डोळ्यासमोर मारलं. मी अकरा दिस तुमच्या उशाशी बसले."

चतुराबाईनं मान वर केली तेव्हा रखमाजी दिसला. बैलांचे कासरे त्याच्या हातातून गळून पडले होते. औषधाचं नाव घेणाऱ्याचा रोग उलटतो, हे त्यालाही ठाऊक होतं. तो तिच्याजवळ आला नाही. कासरे उचलून बैलांच्या मागं निघून गेला, आणि त्या दिवशी तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचरूनं गाडी जुंपली. द्वारका गाडीत पाठ करून बसली. चतुराबाईनं बांधून दिलेल्या भाकरी तिनं खाली उतरवून ओट्यावर ठेवल्या. गाडी गेल्यावर चतुराबाईनं त्या उचलून बैलांपुढे टाकल्या आणि शेतात गेली. दोन पाती वेचायच्या होत्या, एक तिची, एक द्वारकाची.

त्या दिवसापासून तिनं छातीला हात लावणं सोडलं. रोज उठल्यावर वणावरून बोट फिरवायची तिला सवय होती. आता हात तिथवर जाई आणि थांबे. आपण खोटं बोललो, औषध नव्हतंच, मग उलटणार काय, हे तिला सरळ कळत होतं. तरी हात पुढे जात नव्हता. तिनं दोराही फडताळात वर ठेवून दिला. रखमाजी सकाळी विचारी, "दुखतं का काही?" ती म्हणे, "न्हाई." त्याला खरं सांगावं असं तिला रोज वाटे. पण त्यानं ते कचरूला सांगितलं असतं आणि कचरूनं गाडी परत फिरवली असती. द्वारकाला कापल्याचा निरोप आला तरी ती गप्पच राहिली. एकदा बंद झालेलं तोंड तिला उघडता आलं नाही.

महाशिवरात्रीनंतर द्वारका परत आली. गावातल्या बाया बघायला गेल्या, चतुराबाई गेली नाही. शेवटची वेचणी चालू होती. चौथ्या दिवशी दव असतानाच द्वारका शेतात आली आणि शेजारची पात धरून उभी राहिली. ती वाळली होती. चोळीच्या उजव्या बाजूला तिनं कापूस भरला होता, तो थोडा वर सरकला होता.

दोघी वेचू लागल्या.

"आलं का परत?" द्वारकानं विचारलं.

"काय?"

"तुमचं. नाव घेतल्यावर."

"पाह्यलं न्हाई."

"दीड-दोन महिने झाले. पाह्यलं न्हाई?"

चतुराबाईनं पुढचं बोंड धरलं. द्वारकानं इकडेतिकडे पाहिलं, तिला हात धरून पऱ्हाटीत खाली बसवलं आणि डावा हात तिच्या चोळीत घातला. बोटं चपटी ठेवून तिनं वणापासून गोल गोल फिरवली, मग काखेपर्यंत नेली. दवाखान्यात शिकवल्यासारखी. तिची बोटं दवानं गार होती.

"काई न्हाई," ती म्हणाली. "कुठंच काई न्हाई."

तिनं हात काढून घेतला आणि तशीच बसून राहिली.

"औषध खरं असतं तर उलटलं असतं."

"हां."

"म्हंजे पाला खोटा. आन् दुसरं बी काई नव्हतं."

"न्हाई म्हणून धा डाव सांगितलं तुला."

"डाक्टरीणबाई बी तेच म्हणली. तुमच्या दोऱ्याचा कागद दावला तिनं मला." द्वारका जमिनीतल्या भेगेत बोट घालून बसली. "मह्या खाटेच्या बाजूला परतूरकडची एक बाई व्हती. तिनं आठ महिने कुणाचा तरी लेप लावला. मी असतानाच गेली."

"तुला काय म्हणली?"

"येळेवर आली म्हणली. पाच वरीस गेले तर खरं." मग तिनं विचारलं, "दुर्गाबाईला ठावूक हाये?"

"तिला अंगणातच कळलं."

"आन् मोठ्या भावजींला?"

"न्हाई."

"त्येंना सांगा. रोज मेल्यासारखे फिरून राह्यले." द्वारका उठली, लुगड्याची माती झटकली. "बाकी कुणाला नका सांगू. उद्या कुणाला आली तर ती पुन्ना तुमच्या दारात बसंल. लोकाला वाटू द्या, औषध व्हतं आन् मेलं."

चतुराबाईनं मान हलवली. तिला वाटलं, आता काहीतरी वाटेल. थोडा वेळ तिनं वाट पाहिली. मग ऊन चढतंय हे बघून तीही उठली.

द्वारका पातीत परत उभी राहिली. खालची बोंडं ती भराभर वेची, पण डोक्याच्या उंचीची आली की तिचा उजवा हात खांद्याशी अडे आणि ती बोंड सोडून पुढे जाई.

"वरची मी घेते," चतुराबाई म्हणाली.

"घ्या."

दोघी एकाच पातीला लागल्या. खालची बोंडं द्वारका वेचत गेली, वरची चतुराबाई.